गांडूळखताची पेटी पुन्हा पुन्हा आंबते : कारणांचा शोध आणि दुरुस्ती

पेटीचे झाकण उघडताच आंबट, उग्र भपकारा येतो, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि वरच्या कडांवर गांडुळांचे पुंजके चिकटलेले दिसतात, दोन-चार गांडुळे बाहेर जमिनीवर वाळून पडलेली असतात आणि आठवड्यापूर्वी घातलेल्या भाज्यांच्या सालींचा बुळबुळीत लगदा झालेला असतो. ही अवस्था पहिल्यांदा येते तेव्हा तिच्यावरचा उपाय सोपा असतो आणि तो बहुतेकांना ठाऊकही असतो : ओला कचरा घालणे थांबवावे, कागदाचे कोरडे तुकडे मिसळावेत, झाकण थोडे उघडे ठेवावे. आठ-दहा दिवसांत वास जातो, गांडुळे खाली उतरतात आणि आपण निर्धास्त होतो. त्यानंतर महिना-दीड महिन्याने हेच सारे पुन्हा घडते. ज्यांच्या पेटीला हे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्यांदा जडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

माझी पेटी साठ सेंटिमीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच अशी साधी प्लास्टिकची आहे, आणि सुरुवातीला तिच्यात अर्धा किलो गांडुळे सोडली होती. ती पहिल्यांदा नवव्या आठवड्यात आंबली. दुरुस्त केली, तर सहा आठवड्यांनी पुन्हा आंबली. तिसऱ्या खेपेला चारच आठवडे गेले. दोन प्रसंगांमधले अंतर दरवेळी कमी होत गेले, ही गोष्ट माझ्या बरीच उशिरा लक्षात आली, आणि खरे कारण याच गोष्टीत दडलेले होते. कचरा मी पहिल्या दिवशी जेवढा घालत होतो तेवढाच प्रत्येक दुरुस्तीनंतर घालत राहिलो, पण तो खाणारी गांडुळे मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी उरलेली होती. पेटी आंबते तेव्हा काही गांडुळे पळून जातात आणि काही मरतात. मेलेले गांडूळ ओल्या पेटीत एक-दोन दिवसांत विरघळून जाते, त्यामुळे प्रेते दिसत नाहीत आणि किती नुकसान झाले याचा अंदाजच येत नाही.

आंबण्याच्या मुळाशी काय असते

मराठीत कुजणे, आंबणे आणि सडणे असे तीन वेगळे शब्द आहेत आणि या कामात ते तिन्ही शब्दशः उपयोगी पडतात. हवा खेळती असताना सूक्ष्मजीव पदार्थ मोडतात ते कुजणे. हवा कमी पडली की पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ले तयार होऊ लागतात ते आंबणे. आणि हवा जवळजवळ संपली, पाणी साचले की दुर्गंधी सुटते ते सडणे. गांडुळाला फक्त पहिला प्रकार मानवतो. त्याला दात नसतात. ताजी साल ते कुरतडून खात नाही, तर सूक्ष्मजीवांनी मऊ केलेला भाग सूक्ष्मजीवांसकट गिळते आणि पोटातल्या पेषणीत बारीक कणांच्या साहाय्याने दळते. म्हणजे आपण टाकलेला कचरा आधी सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येतो. गांडुळांच्या खाण्याचा वेग आणि आपल्या टाकण्याचा वेग यांत तफावत पडली, की मधला साठा वाढत जातो, त्याला हवा पुरत नाही, आणि कुजण्याचे आंबण्यात रूपांतर होते.

यावर पाण्याचे ओझे पडते. भाज्या आणि फळे यांच्या वजनात साधारण ऐंशी ते नव्वद टक्के पाणी असते. मी चौदा दिवस रोजचा कचरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून वहीत लिहिला, तेव्हा सरासरी ३८० ग्रॅम भरली, म्हणजे आठवड्याला जवळपास २ किलो ६६० ग्रॅम. त्यात पंच्याऐंशी टक्के पाणी धरले तर दर आठवड्याला सव्वादोन लिटरहून अधिक पाणी मी पेटीत ओतत होतो, आणि वर पुन्हा ‘ओलावा टिकावा’ म्हणून फवाराही मारत होतो. लाकडी किंवा मातीच्या भांड्यातून यातले बरेच पाणी उडून जाते. प्लास्टिकच्या पेटीतून ते जाणार कुठे? पहिले नऊ आठवडे निभावले, कारण नवे, कोरडे अंथरूण, म्हणजे पेटीत पसरलेला कागद, पुठ्ठा आणि काथ्या, ते पाणी शोषून घेत होते. मी मात्र ते श्रेय माझ्या व्यवस्थेला देत होतो.

आधी निदान, मग उपाय

उपायाला हात घालण्यापूर्वी दहा मिनिटे तपासणीला द्यावीत, कारण गांडुळे पेटी सोडून वर चढतात त्यामागे दरवेळी आंबणेच असते असे नाही. गांडुळे नव्याने आणली असतील, तर पहिले दोन-चार दिवस ती भटकतातच; रात्री पेटीजवळ दिवा लावून ठेवला की उजेड टाळण्यासाठी ती आत राहतात. पाऊस येण्याच्या सुमारासही काही गांडुळे कडांवर येतात आणि नंतर आपोआप उतरतात. पेटी तापली असेल तर तेही कारण असू शकते : गांडूळखतासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आयसेनिया फेटिडा या जातीला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान चांगले मानवते आणि ३५ अंशांच्या वर तिच्या जिवावर बेतते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस आणि युड्रिलस युजेनी या जाती उष्ण हवेत अधिक रमतात, पण थंडी त्यांना सोसत नाही. पेटी कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी किंवा पाण्याच्या पंपाजवळ ठेवणेही टाळावे. चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर दीर्घकाळ केलेली निरीक्षणे १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत एक गमतीचा प्रयोग आहे : पियानोचे सूर नुसते कानी घातल्याने गांडुळांना काहीच फरक पडला नाही, पण त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून एक सूर वाजवताच ती झटकन बिळात शिरली. त्यांना ऐकू येत नाही, मात्र कंपने चांगली जाणवतात.

यांपैकी काही नसेल, तर नाकाकडे वळावे. व्हिनेगरसारखा किंवा दारूसारखा आंबट वास असेल, तर फळे, भात, पाव अशा गोड किंवा पिष्टमय पदार्थांचे प्रमाण जास्त झाले आहे. डोळ्यांना झोंबणारा, नाकात शिरणारा वास अमोनियाचा असतो. तेव्हा नत्र (नायट्रोजन) जास्त आणि कर्ब (कार्बन) कमी पडला आहे, आणि तो डाळी, कॉफीचा चोथा, ताजे कापलेले गवत किंवा शेणखत यांच्या अतिरेकाने येतो. सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर पेटीच्या तळाशी पाणी साचले आहे आणि तिथे हवा उरलेली नाही. हे तिन्ही वास एकाच पेटीत वेगवेगळ्या कोपऱ्यांत सापडू शकतात, म्हणून केवळ वरून वास घेऊन न थांबता हाताने एका कोपऱ्यात तळापर्यंत उकरून पाहावे.

त्यानंतर मूठ. पेटीच्या मधल्या थरातून मूठभर अंथरूण घ्यावे आणि जोराने पिळावे. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा सैलसर राहून बोटाने टोचताच मोडला, तर ओलावा योग्य आहे. धार लागली किंवा हातात चिखलाचा चकचकीत गोळा उरला आणि त्यावर बोटांचे ठसे उमटले, तर पाणी फाजील आहे. मी तिसऱ्या खेपेला ही चाचणी तीन ठिकाणी घेतली : वरच्या थरात एकही थेंब आला नाही, मधल्या थरात चार-पाच थेंब आले, आणि तळातल्या काळ्या, जड, गाळासारख्या मातीतून पाणी मनगटापर्यंत ओघळले. वरून कोरडी दिसणारी पेटी खालून भिजलेली असते, हे तेव्हा हाताला कळले. मी फवारा मारत होतो तो त्या कोरड्या वरच्या थराकडे पाहूनच.

सामू, म्हणजे आम्लतेचे माप (pH), मोजण्याची पट्टी हाताशी असेल तर एक भाग अंथरूण आणि पाच भाग शुद्ध पाणी ढवळून अर्धा तास ठेवावे व मग पट्टी बुडवावी. गांडुळे साधारण ५ ते ९ सामूपर्यंत तग धरतात, पण उदासीनाच्या, म्हणजे ७ च्या, आसपास ती निर्धास्त असतात. पट्टी नसली तरी अडत नाही. नाक आणि मूठ पुरतात.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे

कचरा घालणे पूर्ण बंद करावे. ओळखू येण्याजोगे अन्न, म्हणजे लगदा झालेल्या साली, बुरशीचे गोळे, कुणी चुकून घातलेले शिजवलेले पदार्थ, हातमोजा घालून काढून टाकावे. मीठ आणि तेल असलेले उरलेसुरले अन्न तर आधी काढावे, कारण गांडूळ त्वचेनेच श्वास घेते. त्वचेला लागलेले मीठ तिच्यातला ओलावा ओढून घेते आणि तेलाच्या थराने हवा अडते. तळाची छिद्रे काडीने मोकळी करावीत व पेटी चार विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे पाणी निथळेल आणि खालून हवा येईल.

पेटीतला सगळा माल उलथापालथ करून एकजीव करण्याचा मोह या वेळी फार होतो, आणि तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. आंबलेला भाग बहुतेकदा एक-दोन जागीच असतो. तो सगळीकडे पसरवला, तर गांडुळांना पळून जाण्यासारखी एकही चांगली जागा उरत नाही. त्याऐवजी पेटीचा एक-तृतीयांश भाग मोकळा करावा, तिथला माल उरलेल्या भागावर सरकवावा, आणि रिकाम्या जागेत पुठ्ठ्याचे फाडलेले तुकडे व काथ्याचा भुसा भिजवून, घट्ट पिळून, भुसभुशीत भरावा. हे त्यांचे माहेर. वरून मंद दिवा लावून झाकण उघडे ठेवले, की गांडुळे उजेडामुळे बाहेर येत नाहीत आणि वाफ व वायू निघून जातात. माझ्या पेटीत हा भाग भरला तो रात्री. सकाळी पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलून पाहिला तर त्याच्या पन्हाळीसारख्या नळ्यांमध्ये गांडुळे दाटीवाटीने शिरून बसली होती, काही तर नुसती शेपटीची टोके बाहेर ठेवून.

आम्लता कमी करायची तर चुन्याविषयी सावध राहावे लागते, कारण ‘चुना घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. भिंतीला लावतात तो विरवलेला चुना आणि विरी न गेलेला कळीचा चुना हे दोन्ही प्रखर अल्कधर्मी असून गांडुळांची त्वचा भाजतात. कळीचा चुना तर पाणी लागताच तापतो. पेटीत चालते ती फक्त कॅल्शियम कार्बोनेटची पूड, म्हणजे चुनखडीची किंवा वाळवून बारीक दळलेल्या अंड्याच्या टरफलांची. तीही मूठमूठ घालू नये. आम्लाशी तिची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने बंद पेटीत तळाशी साठून उरलीसुरली हवाही हटवतो. दोन चमचे पूड वरच्या थरात मिसळावी, झाकण उघडे ठेवावे, आणि चार दिवसांनी पुन्हा वास घ्यावा. अमोनियाचा वास असेल तर ही पूड मुळीच घालू नये : सामू वाढला की अमोनिया आणखी सुटतो. तिथे उपाय एकच, भरपूर कर्ब, म्हणजे फाडलेला पुठ्ठा आणि वाळलेला पाला.

काही गांडुळांच्या अंगावर मण्यांची माळ ओवल्यासारखे फुगवटे आणि मध्ये आवळलेले भाग दिसू लागतात. गांडुळे पाळणारे याचा संबंध प्रथिनयुक्त अन्नाच्या अतिरेकाशी जोडतात. अशी गांडुळे सहसा वाचत नाहीत. ती काढून टाकावीत आणि वेळ उरलेल्यांसाठी खर्च करावा.

दुखणे परतू नये म्हणून

वर सांगितलेले सारे केल्यावर पेटी शांत होते. परतणारे दुखणे परततेच ते याच्या पुढच्या टप्प्यात, कारण वास गेल्यावर आपण जुन्या मापावर जातो. म्हणून सर्वांत आधी आपल्याकडे किती गांडुळे उरली आहेत याचा हिशेब करावा. पद्धत ओबडधोबड आहे, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा बरी. पेटीच्या वरच्या पृष्ठभागावर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन आखून तिथला माल तळापर्यंत काढावा, तो प्लास्टिकच्या कागदावर पसरून दिव्याखाली गांडुळे मोजावीत, आणि हेच तीन ठिकाणी करून सरासरी काढावी, कारण गांडुळे एका जागी गोळा होण्याची शक्यता असते. माझी सरासरी १९ आली. पेटीचे क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे असे २४ चौकोन. एकूण सुमारे ४५६ गांडुळे. लहान-मोठे मिळून एकाचे वजन सरासरी ०.४ ग्रॅम धरले, तर जेमतेम १८० ग्रॅम गांडुळे उरली होती. सुरुवात झाली होती ५०० ग्रॅमने.

‘गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मे खाते’ हे वाक्य सर्वत्र वाचायला मिळते. ते अगदी अनुकूल स्थितीतले आहे : तापमान योग्य, कचरा आधीच अर्धवट कुजलेला, गांडुळे पेटीला सरावलेली. घरातल्या पेटीसाठी मी चतुर्थांश धरतो, आणि नुकत्याच आंबून सावरलेल्या पेटीसाठी त्याहून कमी. चतुर्थांशाच्या मापानेही माझी पेटी दिवसाला ४५ ग्रॅमच पचवू शकत होती, आणि मी तिला ३८० ग्रॅम द्यायला निघालो होतो, म्हणजे आठपटीहून अधिक. मुळात पहिल्या दिवशीही, ५०० ग्रॅम गांडुळे असताना, तिचे माप १२५ ग्रॅमचे होते. हा आकडा पाहिल्यावर पेटी नऊ आठवडे कशी टिकली याचेच नवल वाटले.

गांडुळांची संख्या भरून यायला लागणारा वेळही ध्यानात घ्यावा. आयसेनिया फेटिडाचा कोष, म्हणजे अंड्यांची पिशवी, घाटाने लिंबासारखा, पण मोहरीपेक्षा थोडाच मोठा असतो. तो सुमारे तीन आठवड्यांत फुटतो, त्यातून बहुधा दोन ते चार पिल्ले निघतात, आणि पिल्लाला प्रौढ व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. प्रौढ गांडुळाच्या अंगावर आंगठीसारखा फुगीर पट्टा दिसतो, त्यावरून ते ओळखता येते. या हिशेबाने, सारे सुरळीत चालले तरी, पूर्वीची संख्या यायला अडीच-तीन महिने जातात. तेवढा काळ घरचा बाकीचा ओला कचरा दुसरीकडे जावा लागतो, ही गोष्ट मान्य केल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. मला ती मान्य करायला तीन वेळा पेटी आंबवावी लागली.

दुसरीकडे म्हणजे कुठे? माझ्या मते सर्वांत चांगली सोय म्हणजे छिद्रे पाडलेला झाकणाचा एखादा ड्रम किंवा मोठी बादली, जिच्यात कचरा आणि वाळलेला पाला थराथराने घालून दोन-तीन आठवडे नुसता ठेवायचा. सुरुवातीची उष्णता, फाजील पाणी आणि फळमाश्यांची अंडी यांचा बराचसा निकाल तिथेच लागतो, आणि मग तोच अर्धवट कुजलेला माल गांडुळे ताज्या सालींपेक्षा कितीतरी वेगाने खातात. फ्रीजरमध्ये कचरा साठवण्याचीही पद्धत आहे. गोठवल्याने पेशी फुटून तो लवकर कुजतो, पण वितळल्यावर सुटणारे पाणी चाळणीत निथळून मगच पेटीत घालावे, नाहीतर आपण एका दारातून पाणी काढून दुसऱ्या दारातून आत आणतो.

मिक्सरमधून काढलेला लगदा घालण्याविषयी मात्र मी साशंक आहे. त्याने गांडुळांचे काम हलके होते हे खरे, पण लगद्यात हवेला जागा नसते, आणि त्याचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर झाला की आतून तो तापतो व आंबतो. आंबण्याची तक्रार असलेल्या पेटीत कचरा सुरीने बारीक चिरून घालावा. वाटून घालू नये.

अंथरूणही संपते

आणखी एक कारण असे, की ज्याकडे माझे लक्ष कोणीच वेधले नव्हते. कागद, पुठ्ठा, काथ्या हे पेटीत नुसते पडून राहत नाहीत. गांडुळे आणि सूक्ष्मजीव तेही खातात. दोन-अडीच महिन्यांत पुठ्ठ्याचे तुकडे नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी उरते ती बारीक, दाट, काळी विष्ठा. ती उत्तम खत आहे, पण तिच्यात हवेच्या पोकळ्या राहत नाहीत, ती पाणी स्पंजसारखे धरून ठेवते आणि स्वतःच्या वजनाने खाली दबते. म्हणजे कचऱ्याचे माप तेच, ओलावा तोच, आणि तरीही तीच पेटी तिसऱ्या महिन्यात आंबते जी पहिल्या महिन्यात आंबत नव्हती. कचऱ्यात कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर कमी असते, पुठ्ठ्यात खूप जास्त, आणि दोन्ही मिसळून २५ ते ३० च्या जवळपास राहिले तर कुजणे सुरळीत चालते. पण वजनाचे आणि टक्केवारीचे हे गणित रोज कोण करणार? मी एक सोपा नियम पाळतो : जेवढी वाटीभर साल, तेवढाच वाटीभर फाडलेला पुठ्ठा, कोरडाच. पुठ्ठा गुळगुळीत, चकचकीत छपाईचा नसावा.

जुने खत वेळेवर काढणे याच कामाचा भाग आहे. तळातला माल चहापत्तीसारखा एकसारखा दिसू लागला, त्यात ओळखू येण्याजोगे काही उरले नाही, की तो काढावा. दोन आठवडे फक्त एकाच बाजूला खाऊ घातले म्हणजे बरीच गांडुळे तिकडे जातात आणि दुसरी बाजू रिकामी करता येते. थरांच्या तबकांची पेटी असेल आणि गांडुळे वरच्या तबकात जात नसतील, तर खालच्या तबकातला माल वरच्या तबकाच्या बुडाला टेकला आहे का ते आधी पाहावे. मध्ये दोन बोटे पोकळी राहिली तर ती वर चढत नाहीत, हा दोष सहज नजरेतून निसटतो.

तळातून झिरपणारा तपकिरी द्रव साठवून ‘खताचा अर्क’ म्हणून झाडांना घालण्याची हौस मलाही होती. भरपूर द्रव गळणे म्हणजे पेटी फार ओली असल्याची खूण आहे, त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. आंबलेल्या पेटीतला हा द्रव दुर्गंधीयुक्त असतो. तो झाडांना घालू नये, आणि निरोगी पेटीतला असला तरी एकास दहा पाण्यात मिसळून, खाण्याच्या पालेभाज्या सोडून इतर झाडांना द्यावा.

इतर जीवजंतू काय सांगतात

पेटीत दिसणाऱ्या किड्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याकडून माहिती घ्यावी. सेंटिमीटरभर लांबीचे, दोऱ्यासारखे पांढरे किडे म्हणजे गांडुळांची पिल्ले नव्हेत. गांडुळाच्या पिल्लाच्या अंगात लालसर झाक दिसते. हे एन्किट्रिड नावाचे निरुपद्रवी जीव असून त्यांना ओले आणि आम्लधर्मी वातावरण आवडते. त्यांची गर्दी वाढली की पेटी आंबण्याच्या वाटेवर आहे असे समजावे. लालसर तपकिरी कोळीकीटक, म्हणजे माइट्स, ओलावा आणि गोड फळे यांच्यामागे येतात. कलिंगडाची एक फोड वर ठेवली की ते तिच्यावर गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी फोडीसकट बाहेर टाकता येतात. मुंग्या उलट सांगतात : पेटी कोरडी आहे. फळमाश्यांची अंडी फळांच्या सालींवरूनच येतात आणि उबदार हवेत सुमारे दहा दिवसांत त्यांची पिढी तयार होते, म्हणून कचरा नेहमी पुरावा आणि वर वर्तमानपत्राचा ओलसर कागद अंथरावा.

पुन्हा खाऊ घालण्याचा क्रम

वास पूर्ण गेल्यावरही मी आठवडाभर काही घातले नाही. त्यानंतर पेटीच्या एका कोपऱ्यात १०० ग्रॅम अर्धवट कुजलेला कचरा पुरला, तो कोपरा खडूने आखून ठेवला, आणि तीन दिवसांनी पुठ्ठा बाजूला सारून पाहिले. कचरा अजून ओळखू येत होता, तेव्हा पुन्हा झाकून ठेवला. सहाव्या दिवशी तिथे गांडुळांची गर्दी होती आणि साली नाहीशा झाल्या होत्या. तेव्हा पुढचा कोपरा घेतला. वार ठरवून घालायचे नाही, आधीचे ओळखू न येईल तोवर नवे घालायचे नाही, हा एकच नियम मी आता काटेकोरपणे पाळतो. माप दर तीन आठवड्यांनी चतुर्थांशाने वाढवले आणि दर महिन्याला चौकोन काढून मोजणी केली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सरासरी ४१ आली.

लिंबू-संत्र्याच्या साली आणि कांदा-लसूण यांबाबत विचारणा नेहमी होते. थोड्या प्रमाणात काही बिघडत नाही. लिंबूवर्गीय सालींतले तेल जास्त झाले तर गांडुळांना त्रास होतो, म्हणून माझ्याकडे त्या आधी ड्रममध्येच जातात.

सध्या माझी पेटी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम घेते आणि उरलेले सारे ड्रममध्ये जाते. गेल्या महिन्यात फळे जास्त आली, कचऱ्याचे वजन वाढले, आणि चार-पाच दिवसांत वरच्या पुठ्ठ्याच्या खाली पांढऱ्या किड्यांचा पहिला घोळका दिसला. तेव्हा पुढच्या दोन खेपा मी चुकवल्या, पुठ्ठा दुप्पट घातला आणि तळाची छिद्रे मोकळी केली. आठवड्याने किडे विरळ झाले आणि पेटीला नेहमीचा ओल्या मातीचा वास आला.